पॉवर रॅकेट घ्यावी की कंट्रोल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेनिसची रॅकेट बदलायची वेळ आली की क्लबात, कोचकडे आणि दुकानात हाच प्रश्न येतो. आमचं मत आधीच सांगतो: रॅकेट निवडताना दंडातली ताकद बघू नका, स्विंग किती लांब आणि किती वेगाचा आहे ते बघा, आणि फ्रेमवर पैसे घालण्याआधी एकदा गटिंग (जाळीच्या स्ट्रिंग्ज) बदलून बघा. खाली दिलेली वजनं, वेगळं सांगितलं नसेल तिथे, गटिंगशिवायची आहेत. गटिंग केल्यावर त्यात साधारण १५ ते १८ ग्रॅमची भर पडते.

१. पॉवर रॅकेट आणि कंट्रोल रॅकेट यांत नेमका फरक काय?

पॉवर रॅकेट कमी मेहनतीत चेंडू खोल पाठवते. कंट्रोल रॅकेटने तोच स्विंग मारला तर चेंडू आखूड पडतो, म्हणून जोरात मारणाऱ्याचा चेंडू कोर्टात राहतो.

यामागचं कारण चेंडूत आहे. नियमाप्रमाणे टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून कठीण जमिनीवर टाकला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळतो. म्हणजे चेपला गेला की चेंडू जवळपास निम्मी ऊर्जा स्वतःच खाऊन टाकतो. स्ट्रिंग्ज मात्र घेतलेली ऊर्जा बहुतेक सगळी परत देतात. त्यामुळे स्ट्रिंग्ज जितक्या जास्त दबतील तितका चेंडू कमी चेपतो आणि जास्त वेगाने परत जातो. मोठ्या हेडमध्ये (हेड म्हणजे जाळी असलेला गोल भाग) स्ट्रिंग्ज लांब असतात, म्हणून त्या जास्त दबतात.

दुसरी गोष्ट फ्रेमची. चेंडू स्ट्रिंग्जवर सुमारे ५ मिलिसेकंद राहतो. लवचीक फ्रेम तेवढ्यात मागे वाकते, पण ती सरळ व्हायच्या आत चेंडू निघून गेलेला असतो. वाकण्यात गेलेली ती ऊर्जा चेंडूला मिळत नाही. कडक, जाड फ्रेम कमी वाकते, म्हणून तिला पॉवर जास्त.

२. दुकानात रॅकेटवर इतके आकडे असतात. त्यांतले कोणते बघायचे?

सगळ्यात आधी हेड. ९५ ते ९८ चौरस इंच म्हणजे कंट्रोलकडे, १०० म्हणजे मधलं, १०४ च्या पुढे पॉवरकडे. त्यानंतर बीम, म्हणजे फ्रेमची जाडी. ती बाजूने बघा: २० ते २३ मिलिमीटर असेल तर कंट्रोलची फ्रेम, २३-२६-२३ (फ्रेमच्या तीन ठिकाणची जाडी) असं लिहिलं असेल तर मधली, २६ च्या वर बहुधा पॉवरची.

कडकपणाचा आकडा 'आरए' नावाने दिलेला असतो. ६२ पर्यंत लवचीक, ६३ ते ६८ मध्यम, ६९ पासून पुढे कडक. हा आकडा फ्रेमवर छापलेला क्वचितच दिसतो. विक्रेत्याच्या माहितीत शोधावा लागतो. कोपर कधी दुखला असेल त्यांनी तो शोधल्याशिवाय रॅकेट घेऊ नये (प्रश्न ११).

वजन आणि बॅलन्स (मुठीच्या टोकापासून तोलबिंदूपर्यंतचं अंतर) एकत्र वाचायचे असतात. ३०० ग्रॅम आणि ३२ सेंटिमीटर असं लिहिलं असेल तर वजन मुठीकडे झुकलेलं आहे, कारण २७ इंच लांबीच्या रॅकेटचा मध्य ३४.३ सेंटिमीटरवर येतो. घरी तपासायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक पट्टी पुरते. पट्टी उभ्या कडेवर धरा, रॅकेट तिच्यावर तोलून थांबवा आणि मुठीच्या टोकापासून त्या बिंदूपर्यंतचं अंतर मोजा. गटिंग केलेली रॅकेट असेल तर बॅलन्स साधारण एक सेंटिमीटर वर सरकलेला दिसेल. त्यात बिघाड काही नाही.

या सगळ्यांहून मोलाचा आकडा स्विंगवेट. रॅकेट फिरवताना ती किती जड लागते ते त्यातून कळतं. गटिंगसह ३०० च्या खाली असेल तर हलकी, ३१५ ते ३२५ मध्यम, ३३० च्या वर भारी.

३. मग माझ्यासाठी कोणती? साधा सोपा मार्ग सांगा.

दोन तपासण्या करा. दोन्ही एका संध्याकाळी होतात.

पहिली: मोबाइल बाजूच्या कुंपणाला टेकवून तुमच्या फोरहँडचा व्हिडिओ काढा. मागे घेतलेली रॅकेट पाठीमागच्या कुंपणापर्यंत वळते का, आणि फटक्यानंतर खांद्यावरून पूर्ण बाहेर येते का, ते बघा. पूर्ण आणि वेगवान स्विंग असेल तर ऊर्जा तुमच्याकडे आहे, रॅकेटने ती आवरायची. स्विंग छोटा असेल, चेंडू नुसता अडवून परत पाठवला जात असेल, तर ऊर्जा रॅकेटकडून घ्यावी लागेल.

दुसरी: मार्करला (क्लबातला सराव देणारा खेळाडू) किंवा जोडीदाराला मध्यम वेगाचे ३० चेंडू द्यायला सांगा आणि प्रत्येक चेंडू कुठे पडला ते कोणाला तरी लिहायला बसवा. नेटमध्ये, सर्व्हिस लाइनच्या आत, सर्व्हिस लाइन आणि बेसलाइनच्या मध्ये, की बाहेर? पूर्ण स्विंग करूनही दहा-बारा चेंडू बेसलाइनबाहेर गेले तर कंट्रोलकडे सरका. अर्ध्याहून जास्त चेंडू सर्व्हिस लाइनच्या आत पडले तर पॉवरकडे. चेंडू उजव्या-डाव्या बाजूला बाहेर जात असतील तर त्याचा पॉवरशी संबंध नाही. तिथे चेंडूला रॅकेट लवकर किंवा उशिरा लागतेय, नाहीतर स्वीट स्पॉट (जाळीतली फटका सर्वांत चांगला बसणारी मधली जागा) चुकतोय (प्रश्न ९).

४. मी चाळिशीत टेनिस शिकायला सुरुवात केलीय. कोच ३१० ग्रॅमची वापरतात. तीच घेऊ का?

नको. १०० ते १०५ चौरस इंच हेड, २७० ते २९० ग्रॅम वजन, १६×१९ ची जाळी (प्रश्न ८), एवढं पुरे. नवीन माणसाचा चेंडू पाचपैकी दोन-तीन वेळा स्ट्रिंग्जच्या मधोमध लागत नाही, आणि छोट्या हेडच्या रॅकेटमध्ये अशा फटक्याला माफी नसते. सरावाने स्विंग लांबला की वर्षा-दोन वर्षांत रॅकेट बदलावीशी वाटेल. तेव्हा प्रश्न ३ पुन्हा करा.

खेळाच्या सामानाच्या साध्या दुकानात मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची, कारखान्यातच गटिंग होऊन आलेली रॅकेट मात्र टाळा. तिच्यात हादरे थेट हातात येतात. त्यापेक्षा ग्राफाइटची चांगली वापरलेली रॅकेट घेतलेली बरी. वापरलेली घेताना हेडच्या आतल्या बाजूला, स्ट्रिंगच्या भोकांपाशी केसासारखी चीर आहे का ते नखाने चाचपून बघा. अंगठ्याने थोपटल्यावर फुटका आवाज आला तर घेऊ नका.

५. माझे फटके सतत बाहेर जातात. कंट्रोल रॅकेट घेतली तर थांबतील का?

कदाचित थांबतील, पण त्याआधी स्वस्तातल्या तीन गोष्टी करून बघा, याच क्रमाने.

गटिंग कधी केलं होतं? सहा महिन्यांहून जुनं असेल तर स्ट्रिंग्ज सैल पडलेल्या असतात आणि चेंडू उंच उडतो. आधी नवीन गटिंग करा. त्यानेही भागलं नाही तर पुढच्या वेळी टेन्शन (स्ट्रिंग्जचा ताण) दोन पाउंड वाढवा. एकदम पाच-सहा पाउंड वाढवू नका, नाहीतर स्वीट स्पॉट आकसल्यासारखा वाटतो आणि कोपराला त्रास होतो. तरीही चेंडू बाहेरच जात असतील तर टॉपस्पिन (चेंडूला खाली ओढणारी पुढची फिरकी) बघा. सपाट मारणाऱ्याच्या हातात कोणतीही रॅकेट द्या, नेटच्या वरून बेसलाइनच्या आत चेंडू टाकायला त्याला जागा थोडीच मिळते. टॉपस्पिन मारताना रॅकेटचं डोकं चेंडूच्या खालून वर आलं पाहिजे.

हे तिन्ही करून झाल्यावरही पूर्ण स्विंगचे चेंडू बाहेर जात असतील, तर ९८ चौरस इंची हेडची, २३ मिलिमीटरच्या आतल्या बीमची फ्रेम मागवून खेळून बघा.

६. गटिंग घट्ट केलं की पॉवर वाढते ना?

उलट. घट्ट गटिंगमध्ये स्ट्रिंग्ज कमी दबतात, चेंडू जास्त चेपतो आणि ऊर्जा वाया जाते (प्रश्न १). घट्ट रॅकेटचा टणक आवाज येतो, म्हणून फटका जोरदार बसला असं वाटतं. हा गैरसमज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे आणि त्यापायी कित्येक जण हात दुखवून घेतात.

टेन्शन बदलल्याने चेंडूच्या वेगात फरक फारच थोडा पडतो. बदलतो तो चेंडू निघण्याचा कोन. सैल जाळीतून चेंडू जरा वर निघतो, म्हणून खोल पडतो. घट्ट जाळीतून खाली निघतो.

सुरुवातीला पॉलिएस्टर (कडक स्ट्रिंग) ४६ ते ५० पाउंड, मल्टिफिलामेंट (बारीक तंतूंची मऊ स्ट्रिंग) किंवा सिंथेटिक गट (साधी नायलॉनची स्ट्रिंग) ५२ ते ५६ पाउंड ठेवा. फ्रेमवर छापलेली मर्यादा सोडू नका. ५२ पाउंड म्हणजे २३.६ किलो, काही मशिनवर आकडा किलोत असतो, तो बघून सांगा. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: हाताने फिरवायच्या मशिनवरचे ५२ आणि इलेक्ट्रॉनिक मशिनवरचे ५२ सारखे नसतात. हाताच्या मशिनमध्ये ओढ ठरलेल्या आकड्याला पोचली की कुलूप बसतं आणि नंतर स्ट्रिंग ताणली जाऊन सैल पडते; इलेक्ट्रॉनिक मशिन ओढ कायम राखतं. त्यामुळे हाताच्या मशिनवरचं गटिंग थोडं मऊ निघतं. गटिंगवाला बदलला की जुना आकडा डोळे झाकून सांगू नका, आणि शक्यतो गटिंगवाला बदलूच नका.

७. पॉलिएस्टर की मल्टिफिलामेंट? पॉलिएस्टर टाकलं की पॉवर रॅकेट कंट्रोलची होते, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं आहे. पॉलिएस्टर कडक असतं, कमी दबतं, आणि गुळगुळीत असल्यामुळे टॉपस्पिन मारताना उभ्या स्ट्रिंग्ज बाजूला सरकून चटकन जागेवर येतात. त्या परत येताना चेंडूला स्पिन देतात. १०० इंची कडक फ्रेम आणि पॉलिएस्टर ही जोडी आज इतकी चालते ती याच कारणाने.

पण त्यासाठी स्विंग वेगवान लागतो. हळू मारणाऱ्याला पॉलिएस्टरमधून ना स्पिन मिळतो ना पॉवर, मिळतो तो हादरा. शिवाय पॉलिएस्टर तुटण्याआधी मरतं. १२-१५ तासांच्या खेळानंतर एक मोठा टॉपस्पिन मारा आणि लगेच स्ट्रिंग्ज बघा. उभ्या स्ट्रिंग्ज वाकड्याच राहिल्या आणि बोटांनी सरळ कराव्या लागल्या, तर त्यांची सरकून परत यायची क्षमता संपली. तुटली नाही म्हणून तेच गटिंग सहा महिने चालवणं म्हणजे कंट्रोलसाठी पैसे मोजून कंट्रोल गमावणं.

मल्टिफिलामेंट मऊ, पॉवरचं आणि हाताला सुखाचं. ते झिजलं की बारीक तंतू केसांसारखे बाहेर निघतात. तसं दिसलं की दोन-तीन खेळांत तुटतं. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याने वर्षातून दोनदा, तीनदा खेळणाऱ्याने तीनदा गटिंग करावं, हा जुना नियम मल्टिफिलामेंटला आणि सिंथेटिक गटला लागू होतो, पॉलिएस्टरला नाही.

मधला मार्ग हायब्रिड: उभ्या पॉलिएस्टर, आडव्या मल्टिफिलामेंट. उभ्यांपेक्षा आडव्या दोन पाउंड जास्त ठेवल्या तरी चालतात. जाडी सांगायला विसरू नका. १.२५ मिलिमीटर बहुतेकांना पुरते, वारंवार तोडणाऱ्यांनी १.३० घ्यावी.

८. १६×१९ आणि १८×२० यांत काय निवडू?

पहिला आकडा उभ्या स्ट्रिंग्जचा, दुसरा आडव्यांचा. १६×१९ ची जाळी मोकळी, चेंडू वर निघतो, स्पिन जास्त. १८×२० ची दाट, चेंडू सपाट आणि ठरवलेल्या रेषेत जातो, स्ट्रिंग्ज जास्त टिकतात. सपाट, आरपार मारणाऱ्यांना आणि व्हॉली खेळणाऱ्यांना दाट जाळी आवडते. तुम्हाला ठरवता येत नसेल तर १६×१९ घ्या. दाट जाळीत टेन्शन दोन पाउंड कमी ठेवा, नाहीतर रॅकेट फळीसारखी लागते.

९. कंट्रोल रॅकेट घेतली आणि कंट्रोल उलट गेला. असं कसं?

हा प्रश्न वारंवार येतो, आणि उत्तर 'कंट्रोल' या एका शब्दात दोन गोष्टी कोंबलेल्या असण्यात आहे.

एक कंट्रोल खोलीचा: चेंडू किती लांब जाईल. दुसरा दिशेचा: चेंडू कुठल्या बाजूला जाईल. कंट्रोल रॅकेट पहिला नक्की देते. दुसरा ती तेव्हाच देते जेव्हा चेंडू जवळपास मधोमध लागतो. चेंडू हेडच्या कडेला लागला की रॅकेट मुठीत पिळवटते आणि तिचं तोंड फिरतं. हेड रुंद असेल तर फ्रेमचं वजन मध्यरेषेपासून दूर असतं, म्हणून ती कमी पिळवटते. ९५ इंचाची रॅकेट त्याच फटक्याला जास्त फिरते.

म्हणजे ज्याचा चेंडू वारंवार मधे लागत नाही, त्याला दिशेचा कंट्रोल १०० किंवा १०५ इंचाची रॅकेटच जास्त देईल. तुमचा चेंडू कुठे लागतो ते कळायला स्ट्रिंग्जवर पांढऱ्या खडूची पूड हलकेच चोळा आणि दहा फटके मारा. चेंडूने पुसलेली जागा दिसेल. ती हेडच्या मध्यभागी एका तळव्याएवढ्या भागात असेल तर ९८ झेपेल. पुसलेली जागा टोकाकडे आणि कडांना पसरली असेल तर १०० च्या खाली उतरू नका, आणि खोली आवरायचं काम गटिंगवर सोपवा.

१०. जड रॅकेट म्हणजे कंट्रोल की पॉवर?

दोन्ही, पण ती पेलली तरच. एकाच वेगाने फिरवल्या तर जड रॅकेट हलकीपेक्षा चेंडूला जास्त जोर देते आणि समोरून आलेल्या वेगवान चेंडूला मागे हटत नाही. तरी दुकानात जड रॅकेट कंट्रोलच्या खणात असतात, कारण त्यांची फ्रेम बारीक आणि लवचीक ठेवलेली असते. हलक्या रॅकेटमध्ये वजनाची कमतरता कडक आणि जाड फ्रेमने भरून काढतात.

पेलते का हे कसं ठरवायचं? खेळाची शेवटची वीस मिनिटं बघा. तेव्हा चेंडू अंगाच्या मागे लागायला लागला, सर्व्ह नेटमध्ये जायला लागली, तर रॅकेट जड आहे. ताजेतवाने असताना ३२० ग्रॅमही सोपी वाटते. क्लब पातळीवरच्या बहुतेक प्रौढांना २८५ ते ३०५ ग्रॅम पुरतात.

११. कोपर दुखतो. पॉवर रॅकेटमुळे असेल का?

हलकी, कडक, जाड फ्रेम आणि घट्ट पॉलिएस्टर ही जोडी कोपराला सगळ्यात वाईट. हलकी रॅकेट चेंडूचा धक्का स्वतः पचवत नाही, तो हातात उतरतो. आरए ६५ च्या खाली, गटिंगसह ३१० ग्रॅमच्या आसपास, वजन मुठीकडे, मल्टिफिलामेंट ५० पाउंडांच्या आसपास, असा बदल करा. पॉलिएस्टर पूर्ण काढा, हायब्रिडही नको.

ग्रिप तपासा. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहाताचा उंचवटा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. मावत नसेल तर ग्रिप बारीक आहे आणि तुम्ही ती आवळून धरता. एका ओव्हरग्रिपने (मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी) घेर दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतो. डॅम्पनरवर (स्ट्रिंग्जमध्ये अडकवायचा रबराचा तुकडा) भरवसा ठेवू नका. तो टणत्कार थांबवतो, धक्का नाही.

एक हाती बॅकहँड उशिरा लागत असेल तर कोणतीही रॅकेट कोपर वाचवणार नाही. कप उचलताना किंवा दाराची मूठ फिरवताना दुखत असेल तर खेळ थांबवा आणि डॉक्टरांना किंवा फिजिओला दाखवा.

१२. वय साठीच्या पुढे, फक्त डबल्स खेळतो. ३० वर्षं बारीक फ्रेमनेच खेळलो. आता बदलू का?

बदला, पण एकदम ११० इंचावर जाऊ नका. तुमचा हात सरावलेला आहे, व्हॉली नेमकी आहे. फार पॉवरच्या रॅकेटने हलक्या हाताची व्हॉली उडते. १०० ते १०४ इंच, २८० ते २९५ ग्रॅम, मुठीकडे झुकलेलं वजन, मल्टिफिलामेंट. डबल्समध्ये अर्धे फटके अडवण्याचे आणि ढकलण्याचे असतात, स्विंग पूर्ण होतच नाही. तिथे रॅकेटने थोडी मदत केलेली चांगली.

१३. क्लबात म्हणतात, मोठं हेड म्हणजे म्हाताऱ्यांची रॅकेट. खरं आहे का?

नाही. लाकडी रॅकेटचं हेड ६५-७० चौरस इंचांच्या आसपास असायचं. १९७६ मध्ये प्रिन्सने हॉवर्ड हेड यांच्या रचनेची ११० इंची रॅकेट आणली आणि १९७८ मध्ये १६ वर्षांची पॅम श्रायव्हर ती घेऊन यूएस ओपनच्या अंतिम फेरीत पोचली. आंद्रे अगासी मोठ्या हेडने खेळला. सेरेना विल्यम्सची रॅकेट अनेक वर्षं १०४ इंची होती. मोठं हेड त्याच्या मालकाच्या वयाबद्दल काही सांगत नाही.

१४. नादालची किंवा फेडररची रॅकेट घेतली तर?

फेडररच्या नावाची आरएफ ९७ ही ३४० ग्रॅमची होती, गटिंग करून ३५५ च्या पुढे. क्लबातल्या फार थोड्यांना ती दुसऱ्या सेटपर्यंत पेलते. आणि लक्षात घ्या, खुद्द फेडररने ९० इंचावरून ९७ वर यायचं ठरवलं आणि २०१४ पासून तो मोठ्या हेडने खेळला. जगातला सर्वांत नेमका हात असलेल्या माणसालाही थोडी माफी हवीशी वाटली, हे आपल्यासाठी पुरेसं आहे.

नादालची रॅकेट १०० इंची, म्हणजे हेड मधलं, तरी दुकानातल्या वर्गवारीत ती पॉवरची. तो पॉलिएस्टर आणि प्रचंड टॉपस्पिनने ती कोर्टात ठेवायचा. त्याचा स्विंग नसेल तर त्याची फ्रेम घेऊन तो परिणाम मिळत नाही. शिवाय व्यावसायिक खेळाडूंच्या रॅकेटमध्ये वजन वाढवलेलं असतं, आणि पुष्कळदा वर नव्या मॉडेलचा रंग असला तरी आत जुनीच फ्रेम असते.

१५. मुलगी ११ वर्षांची आहे. २७ इंची पॉवर रॅकेट घेतली तर जोर येईल ना?

घाई करू नका. उभं राहून हात खाली सोडल्यावर रॅकेटचं टोक जमिनीला नुसतं टेकायला हवं, लोळायला नको. बहुतेक मुलांना साधारण ९-१० व्या वर्षी २५ इंच, त्यानंतर २६ इंच बसते. २६ इंची घेताना ग्राफाइटची, २४०-२५० ग्रॅमची घ्या. २७ इंच लांबीवर जाताना १०० चौरस इंचाचं हेड, २६० ते २८० ग्रॅम आणि मऊ गटिंग. वाढत्या हाताला पॉलिएस्टर देऊ नका, मग अकादमीतली बाकी मुलं वापरत असली तरीही.

१६. मुंबईत बसणारे फटके पुण्यात बाहेर जातात. रॅकेट बिघडली का?

रॅकेट ठीक आहे, हवा विरळ आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. हवा विरळ असली की चेंडूला अडवणारा रोध कमी होतो आणि टॉपस्पिनने चेंडू खाली ओढला जाणंही कमी होतं. माद्रिदची स्पर्धा वेगवान मानली जाते ती साधारण अशाच उंचीमुळे. मुंबई किंवा कोकणातून पुण्या-नाशिकला सामना खेळायला जाताना टेन्शन एक-दोन पाउंड वाढवून जा. खास उंचीवरचे चेंडू नियमाप्रमाणे १,२१९ मीटरच्या वर वापरायचे असतात. महाबळेश्वरची उंची त्यापलीकडे जाते, पुण्याची नाही.

पावसाळ्यात उलटं होतं. चेंडूचं लोकरी कापड ओल धरतं, चेंडू जड होतो, आखूड पडतो आणि हाताला लागतो. तेव्हा दोन पाउंड कमी करा. नॅचरल गट (जनावराच्या आतड्याची स्ट्रिंग) ओलीत खराब होतं, ते पावसाळ्यात लावूच नका. मे महिन्यात रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवली की पॉलिएस्टर एका दुपारीत सैल पडतं. विदर्भातल्या उन्हात तर हमखास.

१७. आहे त्याच रॅकेटला लेड टेप (शिशाची चिकटपट्टी) लावून बदल करता येतो का?

येतो, आणि तोच शहाणपणाचा पहिला प्रयोग. रॅकेट घड्याळ समजा, टोक १२ वर. १२ वर लावलेला एक ग्रॅम स्विंगवेट तीनाहून थोडं जास्त वाढवतो आणि पॉवर देतो. ३ आणि ९ वर लावलेला एक ग्रॅम सुमारे पावणेदोनने वाढवतो, आणि रॅकेट पिळवटणं कमी होतं, म्हणजे दिशेचा कंट्रोल (प्रश्न ९).

सुरुवातीला ३ आणि ९ वर प्रत्येकी दोन ग्रॅम, म्हणजे एकूण चार. स्विंगवेट सातच्या आसपास वाढेल. टोक जड लागलं तर ग्रिपखाली, मुठीच्या वरच्या बाजूला तेवढंच वजन लावा; त्याने स्विंगवेट जवळजवळ बदलत नाही, बॅलन्स मात्र परत खाली येतो. टेप हेडच्या आतल्या बाजूला, स्ट्रिंग्जच्या दोन्ही अंगांना सारखी चिकटवा. शिसं आहे, त्यामुळे लावून झाल्यावर हात साबणाने धुवा, वरून बंपरची (फ्रेमची कड जपणारी) किंवा साधी टेप गुंडाळा आणि मुलांच्या रॅकेटला लावू नका.

१८. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट घेतल्या, तरी दोन्ही वेगळ्या का वाटतात?

कारण त्या वेगळ्या असतात. कारखान्यात वजनात पाच-सात ग्रॅम इकडे-तिकडे आणि बॅलन्समध्ये काही मिलिमीटर फरक चालवून घेतात. एक जास्त वजनाची आणि वर झुकलेली, दुसरी कमी वजनाची आणि खाली झुकलेली आली, तर स्विंगवेटमध्ये दहा-पंधराचा फरक सहज पडतो. दुकानात काटा आणि पट्टी घेऊन जा (प्रश्न २), आणि हलकीला टेप लावून भारीच्या बरोबरीला आणा. भारीची हलकी करता येत नाही.

१९. २७ पेक्षा लांब रॅकेट घेतली तर पॉवर मिळेल?

मिळेल. नियमाने २९ इंचांपर्यंत परवानगी आहे. मायकेल चँग १९९० च्या दशकात २८ इंची वापरायचा. अर्धा इंचही सर्व्हमध्ये जाणवतो. पण स्विंगवेट वाढतं आणि अंगावर आलेल्या चेंडूची व्हॉली अवघड होते. कमी उंचीच्या, दोन हाती बॅकहँड असलेल्या खेळाडूंना बसते. बाकीच्यांनी आधी उसनी आणून खेळून बघावी.

२०. सर्व्हला पॉवर हवी आणि फोरहँडला कंट्रोल. एका रॅकेटमध्ये दोन्ही मिळेल का?

मिळतं, आणि मधल्या फ्रेम त्यासाठीच आहेत: ९८ ते १०० इंच, ३०० ते ३०५ ग्रॅम, १६×१९, आरए ६२ ते ६६. सर्व्हमध्ये चेंडू तुमच्याच हाताने उडवलेला, जवळजवळ स्थिर असतो. तिथला वेग तुमच्या स्विंगमधून आणि रॅकेटच्या स्विंगवेटमधून येतो. म्हणून सर्व्हची पॉवर कडक फ्रेममध्ये शोधू नका. मधली फ्रेम घेऊन १२ वर दोन ग्रॅम लावा आणि फोरहँडसाठी टेन्शन एक पाउंड वाढवा.

ठरवताना दोन रॅकेट मागून आणा, दोन्हींत एकच गटिंग, एकच टेन्शन असू द्या, आणि दर दुसऱ्या गेमला बदलत खेळा. नुसत्या रॅलीवर निर्णय घेऊ नका. रॅलीत सगळ्याच रॅकेट चांगल्या वाटतात. दुसरी सर्व्ह, जोरदार सर्व्हचा रिटर्न आणि पळत जाऊन उचललेला चेंडू, हे तीन फटके बघा. तिन्ही वेळी तुम्ही घाईत असता, आणि त्या घाईत जी रॅकेट चेंडू आत ठेवते ती घ्या.